गायनांतील घराणें

‘हे बुवा ग्वाल्हेर घराण्याचे’ असें वडील मंडळी बोलतांना तुम्हीं ऐकलें असेल. घराणें म्हटलें कीं रक्ताचें नातें मनांत येतें. गायनांत मात्र गळ्यावरील संस्कार अधिक महत्त्वाचा. आवाज कसा लावावा, चीज कशी मांडावी, लय किती ठेवावी, याविषयींची शिस्त गुरूकडून शिष्याकडे कांहीं पिढ्या चालत आली, म्हणजे तिला घराणें म्हणतात.

ख्यालगायनांत ग्वाल्हेर घराणें जुनें. १९ व्या शतकांत शिंद्यांच्या दरबारीं हद्दूखाँ, हस्सूखाँ व नत्थूखाँ हे गवई होते. थोर गवई बडे महंमदखाँ यांच्या ताना या बंधूंनीं पडद्याआड बसून ऐकल्या व उचलल्या, अशी आख्यायिका आहे. विद्या मागून मिळत नसे, असा तो काळ ! खुला आवाज, अस्थाई-अंतरा आरंभींच पूर्ण म्हणून रागाचें रूप स्पष्ट करणें, मध्यम लय आणि सरळ सपाट ताना, ही या गायकीची ओळख. याउलट किराणा घराण्याचा गवई एकेका स्वरावर सावकाश रेंगाळतो. अल्लादियाखाँसाहेबांच्या (१८५५-१९४६) जयपूर गायकींत अनवट राग व पेंचदार ताना फार.

परंतु ग्वाल्हेरची ही विद्या खाँसाहेबांच्या कुटुंबांतच राहिली नाहीं. हस्सूखाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी; त्यांच्यापाशीं बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९-१९२६) अनेक वर्षें शिकले आणि ती गायकी त्यांनीं महाराष्ट्रांत आणली. नत्थूखाँचे दत्तक पुत्र निसार हुसेनखाँ तर आपले शिष्य शंकरराव पंडित यांच्या घरींच राहिले. मुसलमान उस्ताद व ब्राह्मण शिष्य एका छपराखालीं ! ‘घराणें’ या शब्दाला याहून चांगला अर्थ आम्हांस तरी सांपडत नाहीं.

बाळकृष्णबुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२-१९३१) यांनीं याच्याही पुढें जाऊन, १९०१ सालीं लाहोर येथें गांधर्व महाविद्यालय काढलें आणि गाणें शाळेच्या वर्गांत आणलें. पूर्वीं गुरूच्या घरचें पाणी भरावें, तेव्हां एखादी चीज मिळावी. आतां कोणाही गृहस्थाच्या मुलामुलींस शिकतां येऊं लागलें. वर्गांत गवई घडत नाहीं, हा आक्षेप पुष्कळ जाणते आजही घेतात. तो अगदींच खोटा नाहीं. विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, ओंकारनाथ ठाकूर हे नामांकित गवई त्याच विद्यालयांत तयार झाले खरे. पण ते घंटा होतांच घरीं जाणारे विद्यार्थी नव्हते, वर्षानुवर्षें गुरूजवळच राहत होते.