उलार गाडी

दोन वर्षांपूर्वी आई-बाबा साताऱ्याहून आमच्याकडे डेन्व्हरला आले. त्यांना यलोस्टोन दाखवायचं म्हणून मी ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. पिकअप घरची होती. विक्रेत्याने आकडे दाखवले: पिकअप 9,000 पाउंड ओढते, ट्रेलर 5,400 पाउंडांचा. "निर्धास्त न्या," तो म्हणाला. मी निर्धास्त झालो, ही पहिली चूक.

निघताना ट्रेलर जोडला तर पिकअप मागून खाली बसली. मग जनरेटर, पाण्याचे कॅन, तांदळाची पिशवी, सगळं जड सामान मी ट्रेलरच्या पार मागच्या टोकाला नेलं. पिकअप बरीच सरळ झाली. ही दुसरी चूक, पहिलीपेक्षा घातक.

वायोमिंगमध्ये इंटरस्टेट 80 वर वारा नेहमीचाच. एल्क माउंटनजवळ एक मोठा ट्रक आम्हाला ओलांडून गेला आणि ट्रेलर डोलायला लागला. डावीकडे, उजवीकडे, प्रत्येक झोका आधीपेक्षा मोठा. पिकअपचं मागचं अंगही त्याच्याबरोबर फरफटायला लागलं. "अहो, ब्रेक दाबा!" बायको ओरडली. पाय ब्रेककडे गेलाही होता, पण ट्रेलरच्या ब्रेकची वेगळी कळ आठवली. ॲक्सिलरेटर सोडला, स्टीअरिंग सरळ धरलं, कळ हाताने दाबली. चार-पाच झोक्यांनंतर ट्रेलर सरळ आला.

पुढच्या एक्झिटला थांबलो. बाबांनी ट्रेलरमध्ये डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "अरे, गाडी उलार भरलीयस तू. ओझं पुढं घे." उमेदीत त्यांनी उसाच्या बैलगाड्या हाकल्या आहेत. मागे ओझं जास्त झालं की जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. ट्रेलरचंही तसंच. त्याच्या एकूण वजनाचा 10 ते 15 टक्के भार पुढच्या दांड्यावर, म्हणजे हिचवर पडायलाच हवा. तो कमी झाला की ट्रेलर डोलतो.

सामान पुढे घेतलं आणि हळूहळू रॉलिन्स गाठलं. तिथे ट्रक-स्टॉपच्या वजनकाट्यावर खरं कळलं. भरलेला ट्रेलर 6,900 पाउंड, हिचवर 900. आई-बाबा, आम्ही दोघं आणि मुलगी, असे पाच जण मिळून 680. हिचचं साहित्य 90, पिकअपच्या हौद्यातलं सामान 170. बेरीज 1,840. पिकअपच्या दारातल्या पिवळ्या स्टिकरवर मर्यादा होती 1,480. म्हणजे ओझं पुढे घ्यावं तर पिकअपला झेपत नाही, मागे न्यावं तर ट्रेलर डोलतो. ही जोडीच चुकली होती. ट्रेलर तिथेच ठेवला आणि मोटेलमध्ये राहून यलोस्टोन पाहिलं.

ट्रेलर घेणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे:

ओढण्याच्या क्षमतेचा मोठा आकडा बाजूला ठेवा. चालकाचं दार उघडून पिवळं स्टिकर वाचा. माणसं, सामान आणि हिचवरचा भार हे सगळं त्या एका आकड्यात बसलं पाहिजे.

ट्रेलरचं रिकामं वजन धरू नका, पूर्ण भरल्यावरचं कमाल वजन धरा. नुसतं 40 गॅलन पाणीच 330 पाउंडांच्या वर जातं. त्या कमाल वजनाचे 13 टक्के हिचवर येतील असं समजून हिशोब करा.

भार विभागणारा हिच पुढच्या चाकांवर वजन परत आणतो, पण पिकअपची मर्यादा वाढवत नाही.

पहिल्या प्रवासाआधी काट्यावर जा. आधी नुसती भरलेली पिकअप तोला, मग ट्रेलर जोडून. पिकअपच्या चाकांवर वाढलेलं वजन म्हणजे हिचवरचा भार. भार विभागणाऱ्या सळ्या तेवढ्यापुरत्या सोडवून ठेवा.

ट्रेलर डोलायला लागला तर पिकअपचा ब्रेक दाबू नका, स्टीअरिंगशी झुंजू नका, वेग वाढवू नका. ट्रेलरच्या ब्रेकची कळ कुठे आहे, हे घरच्या अंगणातच हाताच्या सवयीचं करून घ्या.

आता आमच्याकडे कमाल 4,500 पाउंडांचा ट्रेलर आहे. हिचवर 585, माणसं 680, साहित्य 90. हौद्यातल्या सामानाला 125 पाउंड उरतात. निघण्याआधी ही बेरीज मी दर वेळी कागदावर मांडतो. मुलगी मोठी होतेय, तिचं वजनही दर वर्षी नव्याने धरतो.