बाहेर काय जातं ते आधी बघ

चि. मनूस,

परवा तुझा फोन झाल्यापासून मनात तेच घोळतंय, म्हणून लिहायला बसले. दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटसाठी तू केलेल्या जँगो ॲपला गूगल ॲनालिटिक्स जोडायचंय, आणि 'बेस टेम्प्लेटमध्ये चार ओळी टाकल्या की झालं' असं तू म्हणालास. काम खरंच तेवढंच आहे. मेजरमेंट आयडी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून सेटिंग्जमध्ये घे, कॉन्टेक्स्ट प्रोसेसरने टेम्प्लेटपर्यंत पोचव. तो रिकामा असेल तर स्क्रिप्ट छापूच नकोस, म्हणजे तुझ्या लॅपटॉपवरच्या चाचण्या खऱ्या भेटींत मिसळणार नाहीत.

पण बाळा, बेस टेम्प्लेट म्हणजे ॲपमधलं प्रत्येक पान. ती स्क्रिप्ट पानाचं शीर्षक आणि यूआरएल बाहेर पाठवते. दहाएक वर्षांपूर्वी एका कंपनीच्या साइटवर मी हेच केलं होतं. आठवड्याने रिपोर्ट उघडला, तर त्यात लोकांचे मोबाइल नंबर! शोधाचा फॉर्म 'गेट'ने जात होता, त्यामुळे त्यात टाइप केलेलं सगळं यूआरएलमध्ये उतरत होतं. माझ्या पोटात गोळाच आला. जँगोने १.११ आवृत्तीपासून पासवर्ड रिसेटच्या लिंकमधलं टोकन सेशनमध्ये ठेवून साध्या यूआरएलवर वळवायला सुरुवात केली, तीही अशीच गळती टाळायला. तुझ्याकडे तर यूआरएलमधल्या 'त्वचारोग' किंवा 'प्रसूती' एवढ्या एका शब्दावरून माणसाचं दुखणं कळतं. लॉगिन, अपॉइंटमेंट, तपासणीचे रिपोर्ट, ही पानं वेगळ्या टेम्प्लेटवर ने. तिथे ट्रॅकिंग नकोच.

आणि तुला नेमकं काय कळायला हवंय? लोक वेळ निवडून मध्येच का सोडून जातात, हेच ना? मग फॉर्मचा कोणता टप्पा कधी पूर्ण झाला, एवढंच व्ह्यूमध्ये नोंदव. नाव, नंबर काही नको. ॲड-ब्लॉकर लावलेली माणसं स्क्रिप्टच्या मोजणीतून निसटतात, या नोंदीतून नाही.

सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या पानांच्या मोजणीसाठी मी गूगलऐवजी मॅटोमो निवडेन. तो स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतो, आयपीचा शेवटचा भाग झाकता येतो, आणि आकडे आपल्याच हातात राहतात. गूगलने १ जुलै २०२३ला ॲनालिटिक्सच्या जुन्या आवृत्तीतली, म्हणजे युनिव्हर्सल ॲनालिटिक्समधली, नवी नोंद थांबवली आणि वर्षभराने जुने आकडे बघायची सोयही काढून घेतली. ज्यांनी ते उतरवून ठेवले नव्हते, त्यांची कित्येक वर्षांची मोजणी गेली.

तरीही गूगलच लावायचं ठरवलंस, तर लाइव्ह करण्याआधी ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडून रुग्णासारखा सगळ्या पानांवरून फिर. 'कलेक्ट' नावाच्या प्रत्येक रिक्वेस्टमधलं 'डीएल' वाच. तिथे पानाचा पत्ता दिसेल. रविवारी मला स्क्रीन दाखव, दोघं मिळून बघू.

तुझी,
मावशी