जंगी पलटण

सन १७६८ मध्ये कंपनी सरकारने मुंबई शिपायांची दुसरी पलटण उभारिली. त्या काळी भाईंदरसह सारी साष्टी मराठ्यांच्या अमलाखाली होती. तरी पुढे तीच पलटण मराठ्यांची ‘जंगी पलटण’ म्हणून नावाजली, हे नवलच! १९१६ साली कुत येथे उपासमारीने तिला शरण जावे लागले. परंतु ९ एप्रिल १९४५ रोजी, इटलीत सेनिओ नदीवर, तिच्यातील शिपाई नामदेव जाधव ह्यांनी गोळ्यांच्या वर्षावात दोन जखमी सोबत्यांस खोल पाण्यातून व सुरुंग पेरलेल्या भूमीवरून सुखरूप स्थळी पोहोंचविले. शत्रूचे तीन मोर्चे त्यांनी उडविले ते त्यानंतर. हा क्रम आम्हांस विशेष वाटतो. मग बांधावर चढून त्यांनी मराठ्यांची रणगर्जना केली व मागील तुकड्यांस हाताने पुढे बोलाविले. त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.