आजचं चिंतन: मागच्या गाडीचा वेग आणि माझा



आजचा श्लोक: भगवद्गीता, अध्याय ५, श्लोक २३.

भावार्थ: देह सुटण्याआधी, इथेच, काम-क्रोधातून उठणारा वेग जो सोसू शकतो, तोच योगी आणि तोच सुखी.

भगवंतांनी इथे 'वेग' हा शब्द वापरलाय. राग येणारच नाही असं ते म्हणत नाहीत. तो आल्यावर त्याचा वेग सोसायचा, एवढंच. मला हा शब्द कळला तो मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर.

गेल्या रविवारी पुण्याहून निघालो होतो. उजवी लेन, स्पीड ८०. मागे एक एसयूव्ही अगदी चिकटलेली. डिपर, हॉर्न, परत डिपर. डावीकडे जागा होती, पण 'मी का सरकू?' आरशात त्याच्याकडेच बघत राहिलो. शेवटी त्याला धडा शिकवायला मुद्दाम ब्रेक दाबला.

मागे टायर किंचाळले. तो कसाबसा डावीकडून निघून गेला.

मागच्या सीटवर माझी चार वर्षांची मुलगी झोपली होती, शेजारी आई. आई काही बोलली नाही. नुसता नातीच्या डोक्यावर हात ठेवला.

रात्री हिशोब मांडला. ताशी ८० म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. पुढचा ब्रेक लाइट दिसून पाय हलेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. आमच्यात अंतर होतं जेमतेम एका गाडीचं. धडक बसली असती तर आधी मागच्या सीटला.

आपण इंजिनिअर लोक शेवटच्या एररवर थांबत नाही, मागे मागे जात मूळ शोधतो. दुसऱ्या अध्यायातले ६२ आणि ६३ हे श्लोक नेमके तेच करतात. आरशात टक लावून बघणं, हे विषयाचं ध्यान. 'ही लेन माझी', ही आसक्ती. 'तो मागेच राहावा', ही इच्छा. ती अडली, की क्रोध. मग संमोह. आणि मग स्मृतिभ्रंश. हा शब्द मी कितीदा वाचला असेल! पण मागे लेक झोपलीये हेच विसरणं म्हणजे स्मृतिभ्रंश, हे त्या रात्री समजलं. पुढची पायरी बुद्धिनाश, आणि त्यानंतर सर्वनाश. तिथपर्यंत देवाने जाऊ दिलं नाही.

शिवाय उजवी लेन ओव्हरटेकसाठी असते. म्हणजे त्याची चूक होतीच, पण माझीही होती.

तेव्हा आजचा अभ्यास:

१. मागे कोणी चिकटलं तर आरशात नजर टाका, पण अडकवू नका.

२. पुढच्या गाडीपासूनचं अंतर वाढवा. मग अचानक ब्रेक मारावा लागत नाही, आणि मागच्यालाही वेळ मिळतो.

३. जागा मिळाली की इंडिकेटर देऊन डावीकडे व्हा. जागा नसेल तर स्पीड वाढवू नका, आहे तसा ठेवा.

४. तो पुढे जाताना एकदा नाम घ्या. त्याला कसली घाई होती, आपल्याला माहीत नाही.

काल ऑफिसला जाताना परत एक जण मागे चिकटला. राग आलाच. पण इंडिकेटर दिला, सरकलो. तो गेला, आणि पुढच्या सिग्नलला माझ्याच शेजारी उभा होता. हसू आलं.

आज गाडी सुरू करण्याआधी एकदा मागच्या सीटकडे बघा. रिकामी असली तरी.

राम कृष्ण हरी!