तिथी पाहून रत्नागिरी

यवतमाळ



यवतमाळवरून जाणारा महामार्ग नांदेड, लातूर, सोलापूर, कोल्हापूर असे टप्पे घेत आंबा घाट उतरतो आणि रत्नागिरीच्या किनाऱ्याला लागतो. तिकडे त्याला मिऱ्या–नागपूर महामार्ग म्हणतात. अंतर सुमारे 800 किलोमीटर आहे. मोठी माणसे एवढे अंतर एका दमात काटतात. पण तीन ते आठ वर्षांची मुले सोबत असतील, तर सोलापुरात किंवा वाट थोडी वाकडी करून पंढरपुरात मुक्काम करणे हेच शहाणपणाचे. आंबा घाट भरल्या पोटी उतरू नये. वळणे सुरू झाली की मुलांना मळमळते, म्हणून घाटाआधी कोरडी चिवडा-पोळी आणि घाटानंतर जेवण, असा क्रम ठेवावा. रेल्वेने जायचे तर धामणगावला मुंबईची गाडी धरून ठाण्याला बदलावे. कोकण रेल्वेवर रत्नागिरी यायच्या जरा आधी साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा लागतो. मुलांना त्याची आधी कल्पना दिली, तर ती अंधाराला घाबरत नाहीत, उलट त्याची वाट पाहतात.

हंगाम निवडताना विदर्भातल्या पालकांची एक चूक ठरलेली असते. इकडच्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून जूनचा पहिला पंधरवडा सहलीला मोकळा वाटतो. कोकणात मात्र तोवर पाऊस येऊन ठेपतो, समुद्र खवळतो आणि मासेमारीची बंदी लागू होते. दिवाळीची सुटी किंवा डिसेंबर-जानेवारी हा काळ मुलांसाठी सर्वांत चांगला. आंब्यासाठीच जायचे असेल, तर एप्रिलचा शेवट किंवा मेचा पहिला आठवडा धरावा.

महिना ठरला की तिथी पाहावी. ही गोष्ट जवळजवळ कोणी करत नाही आणि सहलीचे सुख सर्वांत जास्त तिच्यावरच अवलंबून असते. समुद्राला दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते आणि तिची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब चालत आला आहे. पक्ष शुद्ध असो वा वद्य, तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. येईल तितक्या वाजता भरती पूर्ण होते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. ओहोटी त्यापासून सहा तासांनी, म्हणजे सकाळी व रात्री नऊच्या सुमारास. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरा धराव्यात. त्या दिवशी भरती सव्वाअकराला आणि ओहोटी सायंकाळी सव्वापाचला येते. हिशेब अंदाजाचा आहे, थोडा पुढेमागे होतो. नेमकी वेळ गावातल्या मच्छीमारांना विचारावी.

यातून सहलीचे दिवस आपोआप ठरतात. चतुर्दशी ते प्रतिपदा संध्याकाळी आणि द्वितीया ते चतुर्थी सकाळी पुळण रुंद, सपाट व ओली असते, ऊनही कोवळे असते. सप्तमी ते दशमी या दिवसांत ओहोटी ऐन दुपारी पडते. वाळू मोकळी असते तेव्हा ऊन डोक्यावर आणि ऊन उतरते तेव्हा पाणी वर चढलेले. एवढा एक फरक घरच्या भिंतीवरच्या कालनिर्णयात पाहून साधता येतो. मात्र अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, पाण्याची ओढ वाढते. तेव्हा रुंद पुळण ही खेळायला आहे, पाण्यात शिरायला नाही, हे पक्के धरावे.

पुळणीवर लहान मुलांना पाण्यापेक्षा वाळूच जास्त देते. ओहोटीच्या ओल्या वाळूत बारीक बिळे दिसतात आणि प्रत्येक बिळाभोवती ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्यांची नक्षी मांडलेली असते. नखाएवढे खेकडे वाळू तोंडात घेतात, तिच्यातले खाद्य काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतात. मूल जवळ गेले की खेकडा बिळात जातो; हातभर अंतरावर गप्प बसले की थोड्या वेळाने पुन्हा बाहेर येतो. चार वर्षांच्या मुलाचा अर्धा तास यात जातो आणि पाण्याचा हट्ट मागे पडतो. पुढची भरती ही सारी नक्षी पुसते, हेही त्याला दाखवावे. भरती-ओहोटी समजावण्याचा याहून सोपा धडा नाही. यासाठी शहराला लागून असलेली भाट्याची पुळण सोयीची आहे. काजळी नदीची खाडी तिथे समुद्राला मिळते, मागे सुरूचे बन आहे. खाडीच्या मुखापासून मात्र दूर बसावे.

शहरात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. ते सगळे मुलांना दाखवायचा अट्टहास नको. सकाळी एक, संध्याकाळी एक, मध्ये जेवण आणि झोप, एवढे पुरे. टिळक आळीत लोकमान्यांचे 1856 चे जन्मघर आहे. सावरकरांच्या स्थानबद्धतेच्या काळात भागोजीशेठ कीर यांनी बांधलेले 1931 चे पतितपावन मंदिरही शहरातच आहे. रत्नदुर्ग किल्ल्याला तीन बाजूंनी समुद्र आहे. तटावर मुलाचा हात सोडू नये. मुलांना खरी गोष्ट मिळते ती थिबा राजवाड्यात. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत केले, 1886 मध्ये रत्नागिरीत आणून ठेवले, 1910 च्या सुमारास हा वाडा बांधून दिला आणि 1916 मध्ये तो इथेच वारला. राजा असून घरी जाता आले नाही, हे सहा वर्षांच्या मुलालाही कळते. जवळच्या थिबा पॉइंटवरून खाडी आणि समुद्र एकाच नजरेत येतात, तेव्हा ही गोष्ट सांगावी.

जेवणाच्या बाबतीत यवतमाळच्या मुलांना पहिला अडथळा तिखटाचा येत नाही, तो खोबऱ्याचा आणि भाताचा येतो. पोळी-भाकरीवर वाढलेल्या पोटाला दोन्ही वेळा भात आणि नारळाच्या वाटपाचे कालवण एकदम जड होते. पहिल्या दिवशी मऊ भात, साधे वरण, घावणे किंवा आंबोळी यांवर भागवावे, दुसऱ्या दिवशी मासे. सोलकढी मुलांना पटकन आवडते, पण एका वाटीवर थांबवावे. मासा निवडताना काट्याचा विचार आधी करावा. पापलेट व सुरमई यांचा मधला काटा काढला की उरलेला गर मुलांना देता येतो. बांगडा आणि तारली चवीला कमी नाहीत, पण काटेरी असल्याने मोठ्यांच्या ताटात ठेवाव्यात. सुरमईचा तुकडाही बोटांनी कुस्करून, चाचपून मगच भरवावा. कोळंबी, खेकडा, शिंपल्या मुलाने पूर्वी खाल्ल्या नसतील, तर पहिल्यांदा दुपारच्या जेवणात आणि अगदी थोड्या द्याव्यात. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास लागला तर लगेच डॉक्टर गाठता येतो. शाकाहारी घरांनी मन लहान करू नये. उन्हाळ्याच्या तोंडाशी मिळणारी ओल्या काजूची उसळ, फणसाची भाजी, उकडीचे मोदक हे कोकणचे अस्सल जेवण आहे.

हवेचा फरकही नीट समजून घ्यावा. यवतमाळचा मे महिना रत्नागिरीपेक्षा बराच तापतो, म्हणून आपल्या मुलांना तिकडचे ऊन काहीच नाही असे वाटते. पण दमट हवेत घाम सुकत नाही, अंग थंड होत नाही, मूल चिडचिडे होते, घामोळे येते. सुती कपडे, दुपारी सावली, दिवसभर पाणी, कोकम सरबत किंवा शहाळे हवेच.

एक दिवस गणपतीपुळ्यासाठी ठेवावा. आरे-वारे मार्गे किनाऱ्याने जाणारा सुमारे 25 किलोमीटरचा रस्ता फार देखणा आहे आणि पुळ्याजवळच्या मालगुंडला केशवसुतांचे जन्मस्थान आहे. पण आरे-वारे आणि गणपतीपुळे या दोन्ही ठिकाणी समुद्रात उतरलेली माणसे बुडाली आहेत, त्यांत घाटावरून आलेली, पोहता येणारीही होती. आपल्याकडच्या निळोणा किंवा बेंबळ्याच्या धरणात पोहणाऱ्याला लाटेची ओढ माहीत नसते. लाट परत जाताना पायाखालची वाळू काढून नेते आणि मूल घोटाभर पाण्यातही पडते. म्हणून मुलांच्या आईवडिलांना एवढीच कळकळीची विनंती आहे, की या दोन किनाऱ्यांवर मुलांना पाण्यात नेऊ नये, आणि इतरत्र पाय भिजवतानाही हात धरलेला मोठा माणूस मुलाच्या समुद्राकडच्या बाजूला उभा असावा.


मामा