गर्भिणीचा शोथ आणि रक्ताची साक्ष

गर्भिणीच्या पायांवर शोथ दिसताच आपले लक्ष पुनर्नवेकडे वळते. परंतु प्री-एक्लॅम्प्सिया अर्थात गर्भविषमयतेमध्ये शोथ उतरला म्हणजे व्याधी शमली असे नव्हे. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० वा अधिक आणि त्यासोबत मूत्रात प्रथिने किंवा एखाद्या अवयवाची हानी, ही या व्याधीची ओळख होय. तिचे बलाबल जाणण्यासाठी रक्ताची साक्ष घ्यावी लागते. आम्ही पुढील मापे वैद्यबंधूंच्या स्मरणात असावीत असे सुचवितो.

१) प्लेटलेट : १ लाखाच्या खाली गेल्यास व्याधी तीव्र समजावी.

२) एसजीओटी, एसजीपीटी : वरच्या मर्यादेच्या दुप्पट झाल्यास यकृत बाधित.

३) क्रिएटिनिन : १.१ मिलिग्रॅमच्या वर गेल्यास वृक्क बाधित. गर्भावस्थेत हे माप एरवीपेक्षा कमी असते. म्हणून अहवालात 'नॉर्मल' छापलेल्या ०.९ वरही विसंबू नये.

४) एलडीएच : ६०० च्या वर गेल्यास रक्तकणांचा नाश संभवतो. त्यासोबत यकृतविकृती व प्लेटलेटची घट असल्यास तो 'हेल्प' लक्षणसमूह. हे नाव लुई वाइनस्टीन यांनी १९८२ साली दिले. पूर्व विदर्भात सिकलसेल आढळतो व त्यात एलडीएच एरवीही वाढलेले असते, हे ध्यानी ठेवावे.

युरिक आम्लाची वाढ पूरक आहे, निर्णायक नव्हे. अपरेतून रक्तात येणाऱ्या एसएफएलटी-१ व पीएलजीएफ या द्रव्यांचे गुणोत्तर ३८ वा त्याहून कमी असल्यास पुढील आठवड्यात ही व्याधी उद्भवण्याची शक्यता अल्प असते, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले.

तुमसर तालुक्यातील, मध्यप्रदेशाच्या सीमेवरील बपेऱ्यासारख्या गावी अहवाल हाती येईपर्यंत वेळ निघून जाऊ शकते. म्हणून रक्तदाब १६०/११० वा अधिक, तीव्र शिरःशूल, डोळ्यांपुढे अंधारी किंवा छातीखाली उजवीकडे वेदना असल्यास अहवालाची वाट न पाहता रुग्णेस तत्काळ रुग्णालयात पाठवावे. अहवाल प्राकृत असला तरी ही लक्षणे दुर्लक्षू नयेत. आक्षेप टाळण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट उपयुक्त ठरते; व्याधीचा खरा उपाय मात्र योग्य वेळी प्रसूती हाच.

औषधालय चालविणाऱ्यांस एक विनंती. ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. गर्भिणीस ज्येष्ठमधयुक्त कल्प देण्यापूर्वी रक्तदाब मोजला आहे का, हे अवश्य विचारावे. हा एक प्रश्न दोन जीव वाचवू शकतो.