शिवारातील टू-स्ट्रोक गाडी : इंजिन दीर्घकाळ कसे टिकवाल?



सातारा आणि सांगली जिल्ह्यांत वस्तीवरचे दूध संकलन केंद्रावर नेणे, खताचे पोते बांधावर पोचविणे, मोटार चालू करायला विहिरीवर जाणे ही कामे अनेक वर्षे टू-स्ट्रोक गाड्यांनी केली. राजदूत, येझदी, लुना, एम-८०, आरएक्स १०० ही नावे आपल्याला पाठ आहेत. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशी या गाड्यांची निर्मिती थांबली. तरीही आपल्या भागात अशा बऱ्याच गाड्या आजही दोन कॅन लावून कच्च्या वाटेने फिरताना दिसतात. नवीन गाडी मिळणार नसल्याने आहे त्या इंजिनाचे आयुष्य वाढविणे हाच मार्ग उरतो. भर पहाटे पिस्टन जाम झाला तर त्या दिवसाचे दूध घरीच राहते.

या इंजिनात वंगण कोठून येते?

फोर-स्ट्रोक इंजिनाच्या तळाशी ऑइल साठविलेले असते आणि ते पुन्हा पुन्हा फिरते. टू-स्ट्रोकमध्ये असा साठा नसतो. पेट्रोल, तेल आणि हवा यांचे मिश्रण प्रथम क्रँकच्या कप्प्यात येते, तेथील बेअरिंगला वंगण देते, मग वर सिलिंडरमध्ये जाऊन जळते. म्हणजे वंगण पेट्रोलबरोबर येते, एकदाच उपयोगी पडते आणि धुरावाटे निघून जाते. (गिअरबॉक्सचे ऑइल वेगळे असते, ते पिस्टनला मिळत नाही.) ही एक गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचे सगळे समजते.

गाडीच्या पुस्तिकेत दिलेले प्रमाणच वापरावे. ५० भागांस १ म्हणजे लिटरला २० मि.लि., २५ भागांस १ म्हणजे लिटरला ४० मि.लि. अंदाजे झाकणाने ओतू नये, औषधाच्या मापासारखे खुणा असलेले माप ठेवावे. तेल टू-टी म्हणून विकले जाणारेच घ्यावे. ट्रॅक्टरचे किंवा फोर-स्ट्रोकचे ऑइल स्वच्छ जळत नाही, आणि जळके ऑइल गाळून वापरणे म्हणजे इंजिनात बारीक कीस ओतणे.

‘तेल जास्त घातले तर इंजिन जास्त टिकेल’ असे मानणारे बरेच भेटतात. तसे होत नाही. जादा तेलाने प्लग काळा पडतो, रिंगा खाचेत चिकटतात, सायलेन्सर चोंदतो. शिवाय कार्ब्युरेटरच्या त्याच भोकातून तेल जास्त गेले म्हणजे तेवढे पेट्रोल कमी गेले. मिश्रण पातळ होऊन इंजिन उलट अधिक तापते.

घाट उतरताना

चढाला इंजिन तापते हे सर्वांना माहीत आहे. टू-स्ट्रोकला खरा धोका उताराला असतो, आणि याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते.

पाचगणीकडून पसरणीचा घाट उतरून वाईला येताना किंवा पाटणहून कोकणात जाण्यासाठी कुंभार्ली घाट उतरताना आपण काय करतो? गाडी गिअरमध्ये ठेवतो आणि रेस पूर्ण बंद करतो. चाक इंजिनाला ओढत असते, त्यामुळे पिस्टन वेगाने वरखाली होतच राहतो. मात्र कार्ब्युरेटरची वाट बंद असल्याने पेट्रोल येत नाही. पेट्रोल नाही म्हणजे तेलही नाही. चढाला तापलेले इंजिन असे कोरडे फिरत राहिले की पिस्टन सिलिंडरला धरतो आणि मागचे चाक एकदम अडकते. दुधाचे कॅन बांधलेले असताना वळणावर हे झाले तर प्रश्न इंजिनापुरता राहत नाही.

माझ्या वडिलांच्या राजदूतच्या बाबतीत हे घडलेले मी मागे बसून पाहिले आहे. सुदैवाने रस्ता सरळ होता आणि त्यांनी तत्काळ क्लच दाबला. क्लच दाबताच चाक मोकळे होते, हे प्रत्येक चालकाच्या हाताला माहीत असावे. उतारावर इंजिनाचा आवाज अचानक बसका झाला की ती पूर्वसूचना समजावी.

यावर उपाय म्हणून न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून उतरू नये. सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापून निकामी होतात. गाडी गिअरमध्येच ठेवावी, पण थोड्या थोड्या अंतराने, रस्ता सरळ असेल तेथे, क्षणभर क्लच दाबून हलकी रेस द्यावी. तेवढ्याने तेलाचा एक घोट आत जातो. आरएक्स १०० सारख्या गाडीत तेलाचा वेगळा पंप असतो. पण तोही रेसच्या केबलला जोडलेला असल्याने रेस बंद असताना तेल कमीच देतो. म्हणून ही सवय तेथेही उपयोगी आहे.

धूळ आणि चिखल

माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत गाडीचा मोठा शत्रू फुफाटा. कार्ब्युरेटरमधून शिरलेली धूळ आधी क्रँकच्या बेअरिंगवर जाते आणि मग रिंगा व बोअर घासते. फिल्टर स्पंजचा असेल तर उन्हाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी रॉकेलमध्ये किंवा साबणाच्या पाण्यात धुवावा, पूर्ण वाळवावा, थोडे ऑइल चोळून पिळून बसवावा. कागदी फिल्टर धुऊ नये, झटकावा किंवा बदलावा. ‘गाडी ओढत नाही’ म्हणून फिल्टर काढून टाकणाऱ्याने पुढच्या बोअरच्या खर्चाची तयारी ठेवावी.

वाळवा, पलूसच्या काळ्या रानात ऊसतोडीच्या वेळी चिखल सिलिंडरच्या पात्यांमध्ये भरून वाळतो. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला ती गोधडीच. इंजिन थंड झाल्यावर काडीने व पाण्याने पात्या मोकळ्या कराव्यात. ओढ्यात गाडी बंद पडून पाणी आत गेल्याची शंका असेल तर किक मारत बसू नये; आधी प्लग काढून किकने पाणी बाहेर काढावे.

इथेनॉलचे पेट्रोल

२०२५ पर्यंत देशभर २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल मिळू लागले. त्यात आपल्या उसाचाही वाटा आहे, पण जुनी टू-स्ट्रोक गाडी त्यासाठी बनविलेली नाही. रबरी नळी, वॉशर यांची वरचेवर तपासणी करावी. इथेनॉल पाणी ओढते. टाकीत पाणी शिरले तर इथेनॉल-पाण्याचा थर खाली बसतो आणि टू-टी तेल वरच्या पेट्रोलमध्ये राहते. कार्ब्युरेटरला मात्र तळाचाच थर मिळतो, म्हणजे वंगणाशिवायचा. म्हणून टाकीचे झाकण घट्ट असावे आणि मिसळलेले पेट्रोल फार दिवस ठेवू नये.

तासगाव, मिरज भागातील द्राक्ष बागायतदारांचे टू-स्ट्रोक फवारणी पंप आणि ब्रश कटर यांनाही हे लागू आहे. हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करावी, कार्ब्युरेटरमधील पेट्रोल संपून यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. प्लगच्या भोकातून टू-टी तेलाचे चार थेंब सोडून दोरी हळूच एकदा ओढावी.

दुरुस्तीची वेळ कशी ओळखावी?

ताकद कमी झाली की लगेच बोअर करू नये. आधी सायलेन्सर आणि सिलिंडरची धूर बाहेर पडण्याची वाट पाहावी. काजळी बसून ती अरुंद झालेली असते. काजळी लाकडी काडीने खरवडावी, पेचकसाने ओरखडे पडतात. धूर एकाएकी खूप वाढला आणि गिअरबॉक्सचे ऑइल कमी होऊ लागले तर क्रँकचे ऑइल सील गेले आहे. दुसऱ्या बाजूचे सील कडक झाले तर हवा ओढली जाते व रेस सोडली तरी इंजिन वेगाने फिरत राहते. अशी गाडी तशीच चालवू नये, सील स्वस्त आहे आणि पिस्टन महाग.

किक हलकी लागू लागली, सुरू व्हायला त्रास होऊ लागला तर रिंगा पाहाव्यात. बोअर घासला असेल तर सिलिंडर मोठा करून ओव्हरसाइज पिस्टन टाकावा लागतो. सिलिंडर ठरावीक वेळाच मोठा करता येतो, म्हणून पिस्टन हाती आल्याशिवाय तो कापू देऊ नये. खालून खडखड येत असेल तर कनेक्टिंग रॉडचे बेअरिंगही त्याच वेळी करून घ्यावे. बोअरनंतर पहिल्या दोन टाक्या संपेपर्यंत कॅन लावू नयेत, घाट टाळावा आणि रेस अर्ध्याच्या पुढे नेऊ नये.